खाला, मला कासवांसाठी परदेशी जायचंय

माझी भाची मिरजेला बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला आहे. डिसेंबरात ती आमच्याकडे कवठे महांकाळला आली तीच एक छापील कागद घेऊन. मध्य अमेरिकेतल्या कॉस्टा रिका देशात समुद्री कासवे वाचवण्याच्या कामावर तीन आठवडे स्वयंसेवक म्हणून जायचे. फी दीड लाख, विमानभाडे वेगळे. "खाला, तू अब्बांना सांग ना. तुझं ऐकतात ते."

दुल्हेभाईंचा बेदाण्याचा छोटा धंदा. एका कासवापायी एवढे पैसे म्हटल्यावर ते रागावतील असे वाटले होते. त्यांनी शांतपणे एवढेच विचारले, "काम आपणच करायचं आणि पैसेही आपणच द्यायचे?"

प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नव्हता. मी माहिती काढली. कॉस्टा रिकातल्या तोर्तुगेरोच्या किनाऱ्यावर 1959 पासून कासवांचे संशोधन आणि राखण चालते. तिथे जाणारे लोक आपल्या राहण्याजेवणाचा खर्च देतात, आधी शिकतात, मग रात्ररात्र वाळू तुडवतात. यात गैर काही नाही. पण याच नावाखाली निव्वळ सहलीही विकल्या जातात. नुकती जन्मलेली पिल्ले हातात देऊन फोटो काढू देतात, पाहुणे येईपर्यंत ती टाकीत ठेवतात. पिल्लाच्या पोटात अंड्यातल्या बलकाची जी शिदोरी असते, तिच्यावरच पहिले एकदोन दिवस पोहून त्याला खोल पाण्यात पोचायचे असते. ती टाकीच्या भिंतींना धडका देण्यातच संपते.

कुठली जागा कशी हे कागदावरून कसे ओळखणार? मी भाचीला म्हटले, आधी काम बघ. आपल्याच कोकणात बघ.

आमच्या तालुक्यात पाणी म्हणजे विहिरीचे, बोअरचे नाहीतर म्हैसाळ योजनेचे. अग्रणीचे पात्र वर्षातले बरेच दिवस कोरडे. माझ्या वर्गात समुद्र पाहिलेली मुले पाच-सहा निघाली. भाचीनेही तो एकदाच पाहिला होता, मुंबईत हाजी अलीला. रमजानच्या आधीच्या आठवड्यात आम्ही तिघे निघालो. दुल्हेभाई "पोचवायला" म्हणून आले. कराड, कुंभार्ली घाट, चिपळूण, खेड, मंडणगड असे करत वेळासला पोचेपर्यंत अंधार पडला.

वेळास हे रत्नागिरी जिल्ह्याच्या उत्तर टोकाला, बाणकोटच्या खाडीजवळचे गाव. नाना फडणविसांचे म्हणून इतिहासात येते ते हेच. 2002 मध्ये चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेची मंडळी, भाऊ काटदरे आणि त्यांचे सहकारी, समुद्रगरुडाची पाहणी करत या किनाऱ्यावर आली आणि त्यांना वाळूत कासवांच्या अंड्यांची टरफले दिसली. अंडी माणसे खात, विकत. कोल्हीकुत्री उकरत. संस्थेने गावातल्याच माणसांना राखणीला घेतले, पुढे कासव महोत्सव सुरू झाला. आता पाहुणे गावकऱ्यांच्याच घरी उतरतात, तिथेच जेवतात. आमच्या घरमालकीणबाईंनी न विचारता सांगितले, "आमच्याकडं शाकाहारीच मिळेल हं, चालेल ना?" उकडीचे मोदक खाऊन दुल्हेभाई खूश.

पहाटेच्या गस्तीला भाचीला बरोबर येऊ द्याल का, असे मी राखणदाराला विचारले. त्यांना गावात कासवमित्र म्हणतात. ते म्हणाले, "येऊ दे, पण बोलायचं नाही आणि बॅटरी लावायची नाही." फजर पढून आम्हीही मागून गेलो. ऑलिव्ह रिडले जातीची मादी रात्री येते, वाळूवर ट्रॅक्टर गेल्यासारखी खूण उमटते. ती सुरईच्या आकाराचा खड्डा करून शंभराच्या आसपास अंडी घालते आणि परत जाते, पुन्हा बघायला येत नाही. कासवमित्र काठी हलकेच टोचून पोकळ जागा शोधतो. अंडी मोजून, उलटसुलट न होऊ देता कुंपणातल्या तेवढ्याच खोल खड्ड्यात नेतो, वर तारखेची पाटी लावतो. पुढे 45 ते 60 दिवस वाळूची ऊब. ऊब जास्त झाली की माद्या जास्त, कमी झाली की नर जास्त. म्हणजे वाळू किती तापते, यावर पुढची पिढी ठरते.

त्या पहाटे तीन किलोमीटर चालून एकही खूण सापडली नाही. सात वाजता कुंपणात घरट्यावरची टोपली उचलली, खाली नुसती वाळू. मुंबईहून आलेली माणसे चुकचुकली. संध्याकाळीही तेच. भाचीचा चेहरा पडला. कासवमित्र म्हणाले, "आमचे कितीतरी दिवस असेच जातात."

दुसऱ्या दिवशी सकाळी टोपलीखाली अकरा पिल्ले होती, तळहातात दोन मावतील एवढी. त्यांना पाण्याजवळ नाही, थोडे अलीकडे सोडतात, कारण ती वाळू त्यांनी स्वतःच चालायची असते. एक उलटे पडले. भाचीचा हात पुढे गेला, कासवमित्रांनी मानेनेच नाही म्हटले. लाटेने ते सुलटे केले आणि नेले. हजारातले एखादेच मोठे होते म्हणतात. दुल्हेभाई बराच वेळ पाण्याकडे बघत उभे होते.

परदेशाचे म्हणाल तर ही कासवेच जातात. जानेवारी 2022 मध्ये वेळासला एका मादीच्या पाठीवर उपग्रहाशी जोडलेले यंत्र बसवले, तिचे नाव प्रथमा ठेवले. पुढच्या वर्षी गुहागरहून सोडलेली बागेश्री श्रीलंकेला वळसा घालून बंगालच्या उपसागरात गेली. वाटेत मोठा धोका जाळ्यांचा. कासव हवेत श्वास घेते, जाळ्यात अडकून खाली राहिले तर बुडून मरते. त्यासाठी 2018 पासून राज्य सरकारची योजना आहे: जाळे कापून संरक्षित प्राणी सोडणाऱ्या मच्छिमाराला 25,000 रुपयांपर्यंत भरपाई मिळते. हर्णे, दाभोळकडे ज्यांची सोयरीक आहे त्यांनी हे तिकडे जरूर सांगावे. मस्कतला नोकरीवर असलेल्या नातेवाइकांनाही सांगते, ओमानमध्ये रास अल-जिन्झला हिरवी कासवे येतात आणि वाटाड्याबरोबर रात्री पाहता येतात. सुट्टीत मॉलच बघायला हवेत असे नाही.

परत येताना गाडीत दुल्हेभाई म्हणाले, "ही शिकून असलं काम करणार असेल तर पैशाचं बघू." मला वाटले, विषय मिटला. पण भाचीने घरी आल्यावर त्या परदेशी संस्थेला पत्र लिहिले. अंडी किती तासांत हलवता, पिल्ले टाकीत ठेवता का, पाहुण्यांना हात लावू देता का, गावातली किती माणसे कामावर आहेत, असे चार प्रश्न. उत्तर दोन दिवसांत आले. त्यात पैसे भरण्याची शेवटची तारीख होती, बाकी काही नव्हते.

तिने तो छापील कागद माझ्या वर्गासाठी ठेवून दिला, मागची बाजू कोरी आहे म्हणून. मार्चच्या शेवटी ईद आहे. ईदनंतर दहा दिवस वेळासला राहता येईल का, हे तिने घरमालकीणबाईंना फोन करून विचारले आहे.