फ्लो बेंचला सेन्सर कोणता लावायचा?

इंजिनच्या हेडचं पोर्टिंग करणाऱ्याला एवढंच जाणून घ्यायचं असतं की घासण्याआधी पोर्टमधून हवा किती जात होती आणि आता किती जाते. ते सांगणारी फ्लो बेंच घरी बनवायला प्लायवूडची खोकी, पीव्हीसी पाइप आणि व्हॅक्यूम क्लीनरच्या एक-दोन मोटरी पुरतात. अडतं ते सेन्सरपाशी.

मोजायच्या गोष्टी दोन. हेडच्या अलीकडच्या-पलीकडच्या दाबातला फरक, जो प्रत्येक चाचणीत सारखाच ठेवायचा. आणि त्या फरकाला वाहणारी हवा. अमेरिकेत रूढ झालेला चाचणीचा दाब 28 इंच पाण्याचा, म्हणजे 711 मिमी, जवळपास 7 किलोपास्कल. मोटर तेवढी ओढत नसेल तर 10 इंचांवर मोजून आकड्याला 1.67ने गुणायचं, कारण प्रवाह दाबाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढतो.

हे वर्गमूळच पुढे छळतं. हवा मोजायची सर्वांत भरवशाची सोय म्हणजे वाटेत बसवलेली ऑरिफिस प्लेट: पत्रा आणि त्यात धारदार कडेचं भोक. 40 मिमीच्या भोकातून दीड किलोपास्कल फरकाला सेकंदाला साधारण 39 लिटर हवा जाते, म्हणजे 83 सीएफएम (मिनिटाला घनफूट). प्रवाह निम्मा झाला की फरक चौथाईवर येतो. प्रवाह एक दशांश झाला तर उरतात 15 पास्कल, पाण्याचा जेमतेम दीड मिलिमीटर. व्हॉल्व्ह नुकता सीटवरून उचललेला असताना असेच आकडे वाचायचे असतात.

म्हणून सेन्सर निवडताना त्याचा पल्ला कुठवर जातो यापेक्षा तळाशी तो काय सांगतो हे आधी पाहावं. एमपीएक्स 5010 डीपी 10 किलोपास्कलपर्यंत मोजतो. हेडवरच्या दाबासाठी तो घ्या. (एमपीएक्सव्ही 7007 नको, 28 इंच त्याच्या अगदी काठावर येतात.) पण तोच ऑरिफिसवर लावला तर? डेटाशीटनुसार चूक पूर्ण पल्ल्याच्या 5 टक्क्यांपर्यंत, म्हणजे 500 पास्कल. दीड किलोपास्कलमध्ये 500ची चूक ही थट्टाच झाली. मोटर सुरू करण्याआधी शून्य जुळवून घेतलं की ती बरीच कमी होते, तरी तिथे ±2 किलोपास्कलचा एमपीएक्सव्ही 7002 डीपी बरा. माझी पसंती मात्र सेन्सिरिऑनच्या एसडीपी 810ला. पल्ला फक्त 500 पास्कल, पण शून्याजवळ तो डळमळत नाही. त्याच्यासाठी भोक 53 मिमीच्या आसपास न्यावं लागतं. त्याच्या आतून थोडी हवा वाहते, तेव्हा नळ्या आखूड ठेवा.

कुर्ल्याच्या भंगारातून गाडीचा मास एअरफ्लो सेन्सर आणायचा मोह होतोच. तापलेली तार हवेचं वस्तुमान थेट सांगते, वर्गमुळाची कटकट नाही. पण त्याच्या व्होल्टेजचा आलेख त्याच्या मूळ नळीपुरताच खरा. ती नळी बदलली किंवा ऐन तोंडाशी बेंड आला की आलेख हलतो. शिवाय पुण्याची हवा मुंबईपेक्षा विरळ, त्यामुळे एकाच हेडचे दोन शहरांत दोन आकडे येतील. ऑरिफिसमध्ये हेड आणि प्लेट एकाच हवेच्या वाटेवर असल्याने घनतेचा परिणाम बहुतेक कटतो. हेड ओलांडताना हवा थोडी प्रसरण पावते, तेवढीच दुरुस्ती उरते.

वायरिंगमध्ये एक खोडी आहे. एमपीएक्स सेन्सरचं आउटपुट त्याला मिळणाऱ्या 5 व्होल्टच्या प्रमाणात असतं. आर्डुइनोचं स्वतःचं 10 बिटांचं रूपांतरही त्याच 5 व्होल्टवर चालतं, म्हणून पुरवठा ढळला तरी फरक दिसत नाही. पण 5010चं दर पाऊल 11 पास्कलचं पडतं. बारीक वाचनासाठी एडीएस 1115 हा बाहेरचा रूपांतरक जोडलात की त्याचा संदर्भ व्होल्टेज वेगळा, आणि यूएसबीचा पुरवठा खाली गेला की तोच दाब म्हणून नोंदला जातो. उपाय सोपा: एका चॅनेलवर पुरवठाही मोजा.

दोन्ही सेन्सरांच्या नळ्यांना टी लावून शेजारी पाण्याची यू-नळी लटकवा. रंगीत पाणी आणि फूटपट्टी, तिला कॅलिब्रेशन लागत नाही. मग हेडच्या जागी मापाच्या भोकाची पट्टी बसवून आलेला आकडा टिपून ठेवा आणि दर कामाआधी तीच पट्टी लावा. आकडा सरकला, तर सेन्सरवर संशय घेण्याआधी प्लायवूडच्या सांध्यांना साबणाचं पाणी लावून, मोटर उलटी बसवून, बुडबुडे कुठे येतात ते बघा.