लोखंडी पुलाखालची खाम

छत्रपती संभाजीनगरात छावणीकडे जाताना लोखंडी पूल आला की दुचाकीचा वेग आपोआप वाढायचा. नाकाला रुमाल लावायचा नि पलीकडे निघायचं. पुलाखाली वाहते ती नदी आहे, तिला खाम असं नाव आहे, हे शहरातल्या कित्येक मुलांना ठाऊकच नव्हतं. त्यांच्या लेखी तो नाला होता. आज त्याच पुलाजवळ लोक मुद्दाम थांबतात. दगड रचून बांधलेला काठ, झाडं, बसायला जागा. लोक या जागेला खाम इको पार्क म्हणतात.

खाम जटवाड्याच्या डोंगरातून येते, हर्सूल तलाव भरते आणि बेगमपुरा, पाणचक्कीवरून छावणीत उतरते. मलिक अंबरने १६१० मध्ये हे शहर खडकी या नावाने वसवलं ते हिच्याच काठी. मकाई, महमूद आणि बारापुल्ला या तिन्ही दरवाजांपाशी खामवर पूल आहेत, म्हणजे जुन्या काळी पाहुण्याला शहराआधी नदी भेटायची. पाणचक्कीत तर डोंगरातल्या झऱ्याचं पाणी मातीच्या नळांतून आणलं, त्यावर जातं फिरवलं आणि तिथल्या दर्ग्यात येणाऱ्यांसाठी पीठ दळलं. पाण्याची इतकी जाण असलेल्या शहराने नदीकडे पाठ फिरवली, याचं वाईट वाटतं. घरांची मागची दारं तिच्याकडे उघडू लागली, आणि मागच्या दारातून काय बाहेर जातं ते सांगायला नको.

जो कचरा नदीत जात नव्हता, तो नारेगावला जायचा. फेब्रुवारी २०१८ मध्ये तिथल्या लोकांनी कचऱ्याच्या गाड्या अडवल्या. त्यांचं काहीच चुकलं नव्हतं. अख्ख्या शहराची घाण वर्षानुवर्षं त्यांच्या उशाशी पडत होती. मग चौकाचौकांत ढीग साचले, कचरा मिटमिट्याकडे नेला तर तिथे दंगल झाली. ज्यांच्या दारासमोर ते ढीग होते त्यांना पहिल्यांदाच कळलं की घंटागाडी गेली म्हणजे कचरा संपला असं होत नाही.

खामचं पुनरुज्जीवन २०२१ पासून उभं राहिलं ते या धड्यावर. महापालिका, छावणी परिषद, इकोसत्त्व ही संस्था, व्हॅरॉकसारखा उद्योग असे सगळे एकत्र आले. गाळ-कचरा उपसला, काठ सावरले. पण मला यातलं सगळ्यात मोलाचं काम नदीपासून दूर, गल्लीत झालेलं वाटतं. काठच्या वस्त्यांमध्ये दारोदार जाऊन ओला-सुका वेगळा करायला सांगणं, घंटागाडी वेळेवर यावी म्हणून पाठपुरावा करणं, ‘काकू, आज एकाच डब्यात का?’ असं न रागावता विचारणं. शेजारणीने शेजारणीला सांगितलेलं पटतं. फलकावर लिहिलेलं फारसं कुणी वाचत नाही.

कचरा अडवायला नाल्याला लावलेली जाळी पावसाच्या पहिल्या सरीनंतर जवळून पाहावी. दुधाच्या पिशव्या, गुटख्याच्या पुड्या, थर्माकोलच्या पत्रावळ्या, एखादी चप्पल, पिशवीत गाठ मारून टाकलेलं निर्माल्य. प्रत्येक वस्तू कुणाच्या तरी हातातून सुटलेली. दुधाच्या पिशवीवरचं नाव आपल्याच घरच्या पिशवीवरचं निघतं, तेव्हा मान खाली जाते.

२०२३-२४ मध्ये हे काम डब्ल्यूआरआय रॉस सेंटर या संस्थेच्या शहरांसाठीच्या जागतिक पुरस्काराच्या अंतिम फेरीत पोचलं. शहराला अभिमान वाटावा अशीच ही गोष्ट. तरी पुलावरून वाकून पाहा, सांडपाण्याचा प्रश्न अजून सुटलेला नाही. खाम इथून पुढे दक्षिणेला जाते आणि जायकवाडी धरणाच्या जलाशयाला, नाथसागराला मिळते. त्याच नाथसागरातून आपल्या शहराला पिण्याचं पाणी येतं. कित्येक दिवसांआड नळाला पाणी येतं, त्या दिवशी भल्या पहाटे हंडे, पिंप, बादल्या मांडून घर जागं असतं. ओट्यावर भरून ठेवलेल्या त्या हंड्यात जायकवाडीचं पाणी असतं, आणि जायकवाडीत खामही असते.