ग्रॅमची भूक, किलोची भूक

मराठवाड्यातल्या काळ्या रानात ऑक्टोबरात पेरलेला कोरडवाहू हरभरा सगळा हंगाम जमिनीतल्या ओलीवर काढतो. फुलं आणि घाटे लागेपर्यंत वरचा थर वाळून जातो. मुळं खालचं पाणी गाठतात, पण पेरणीबरोबर दिलेलं खत बरंचसं त्या कोरड्या थरातच राहतं. ओल नसली की ते मुळांच्या हाती लागत नाही. त्याच सुमाराला मुळांवरच्या गाठींमधले रायझोबियम जिवाणूही मंदावतात, आणि दाणा तर नेमका तेव्हाच भरायचा असतो. म्हणून अशा पिकाला पानातून खत देणं ही अगदी रास्त गोष्ट आहे. फुलोऱ्यात 2 टक्के युरिया फवारा, ही शिफारस जुनीच आहे.

त्यात 2021 मध्ये इफ्को या खत बनवणाऱ्या सहकारी संस्थेचा नॅनो युरिया आला. याचे कण 20 ते 50 नॅनोमीटरचे, पानावरच्या रंध्रांपेक्षा शेकडो पट लहान. ते थेट आत शिरतात, हा त्यामागचा विचार. तो खरा धरला तरी हिशेब मांडून पाहायला हवा. सुरुवातीला आलेल्या 4 टक्क्यांच्या अर्ध्या लिटर बाटलीत नत्र होतं 20 ग्रॅम. एकरी 200 लिटर पाण्यातून 2 टक्के युरिया फवारला तर 4 किलो युरिया जातो, म्हणजे सुमारे 1.8 किलो नत्र. आणि दहा क्विंटल हरभऱ्याच्या नुसत्या दाण्यात तीस किलोंहून जास्त नत्र असतं! कण कितीही बारीक केला तरी 20 ग्रॅम हे 20 ग्रॅमच. कोपनहेगन विद्यापीठातल्या दोन वनस्पतिशास्त्रज्ञांनी 2023 मध्ये नॅनो युरियाबद्दलच्या दाव्यांवर जाहीर शंका घेतली. पंजाब कृषी विद्यापीठाच्या भात-गव्हाच्या प्रयोगांत तर गोणीतल्या युरियाच्या जागी नॅनो युरिया वापरल्यावर उत्पादन घटलं.

मग कडधान्याला नॅनो खत निरुपयोगी का? मला तसं वाटत नाही. कडधान्याची नत्राची मोठी गरज जिवाणू हवेतून भागवतात. त्या जिवाणूंचं काम ज्या विकरावर चालतं, त्याला मॉलिब्डेनम लागतं, तेही हेक्टरी काही ग्रॅमच. जस्त आणि लोहही पिकाला किलो-किलोने लागत नाहीत, पण चुनखडीच्या जमिनीत ते मुळांना मिळेनासे होतात आणि शेंड्याची पानं पिवळी पडतात. ही ग्रॅमची भूक आहे, आणि ती पानातून भागू शकते. झिंक सल्फेट फवारताना पान करपू नये म्हणून त्यात चुन्याची निवळी मिसळावी लागते. झिंक ऑक्साइडचे नॅनो कण मात्र पानावर हळूहळू विरघळतात. संशोधनाचा पैसा आणि जोर खरं तर इथे लागायला हवा.

शेतकऱ्यासाठी क्रम सरळ आहे. आधी रायझोबियमची बीजप्रक्रिया आणि पेरताना स्फुरद. फवारणी सकाळी किंवा संध्याकाळी, कारण भर दुपारी ताणातलं झाड रंध्रं मिटून घेतं. नॅनो खताची बाटली घ्यायचीच असेल तर वावरातल्या चार-पाच ओळींवर नुसतं पाणी फवारा, त्यांचा हरभरा वेगळा काढा आणि तराजूवर घाला.