शिशु-वजनकाट्यातील अंकीय रूपांतरकाची आदान-जोडणी : धारणी तालुक्याच्या संदर्भात

प्रस्तावना : मेळघाटातील धारणी तालुक्यात बालकाच्या वजनाची नोंद हा कुपोषण ओळखण्याचा एक प्रमुख आधार आहे. त्यामुळे इलेक्ट्रॉनिक काट्यातील रूपांतरकाची जोडणी महत्त्वाची ठरते.

विवेचन : २० किलोग्रॅम क्षमतेच्या, २ मिलिव्होल्ट प्रति व्होल्ट संवेदनशीलतेच्या लोडसेलला ५ व्होल्ट दिल्यास पूर्ण भाराला केवळ १० मिलिव्होल्ट मिळतात, म्हणजेच १० ग्रॅमला ५ मायक्रोव्होल्ट. लोडसेलमधील व्हीटस्टन सेतूची दोन्ही निर्गम टोके सुमारे २.५ व्होल्टवर असल्याने त्यांच्यातील फरकच मोजावा लागतो. एचएक्स७११ या २४ बिट रूपांतरकात १२८ पट वर्धन निवडल्यास ±२० मिलिव्होल्ट आदान-मर्यादा मिळते. सेतू व रूपांतरकाचा संदर्भ यांना एकच विद्युतदाब दिल्यास त्यातील चढउताराचा परिणाम वाचनावर होत नाही.

निष्कर्ष : केवळ बिटांच्या संख्येने अचूकता येत नाही. आदान-जोडणी सदोष असल्यास कमी वजनाचे बालक नोंदीत सुदृढ ठरू शकते.