नियमजन्य अवकाशातील भ्रमण : भेद आणि अर्थभेद

एखाद्या व्हिडिओ गेममधील भूप्रदेश कोणा चित्रकाराने रेखाटलेला नसेल, काही नियम आणि एक बीजसंख्या ह्यांपासून संगणकाने तो आयत्या वेळी घडविलेला असेल, तर अशा प्रदेशात हिंडण्याने शोधाचे समाधान मिळते काय? प्रश्न वरकरणी करमणुकीचा आहे. परंतु भाषाभ्यासकाला तो परका वाटू नये. मर्यादित नियमांतून अमर्याद रचना कशा निष्पन्न होतात, हा विषय पाणिनीच्या सुमारे ४,००० सूत्रांपासून चॉम्स्कीने १९५७ साली मांडलेल्या व्याकरणविचारापर्यंत त्याच्या नित्य परिचयाचा आहे. व्याकरणातून अगणित वाक्ये निघू शकतात, एवढ्यावरून ती सारी ऐकण्याजोगी असतात असे ठरत नाही, हेही तो जाणतो.

ह्या प्रकारचा सर्वांत गाजलेला प्रयोग म्हणजे इंग्लंडमधील हेलो गेम्स ह्या लहानशा संस्थेने ऑगस्ट २०१६ मध्ये प्रसिद्ध केलेला 'नो मॅन्स स्काय' हा खेळ. त्यातील संभाव्य ग्रहांची संख्या २ चा ६४ वा घात, म्हणजे १,८४,४६,७४,४०,७३,७०,९५,५१,६१६ इतकी सांगितली गेली. दर सेकंदाला एक ग्रह पाहावयाचे ठरविले, तरी सर्व पाहून होण्यास सुमारे ५८ हजार कोटी वर्षे लागतील. हे ग्रह कोठेही साठविलेले नाहीत. खेळाडू जवळ आला की त्या स्थानाच्या बीजसंख्येवर नियम चालविले जातात आणि डोंगर, वनस्पती, प्राणी, आकाशाचा रंग असे सर्व काही तेथल्या तेथे सिद्ध होते. बीज तेच असल्याने पुन्हा आल्यास तोच ग्रह दिसतो. ज्या ग्रहावर कोणीही गेलेले नाही, तो न उच्चारलेल्या वाक्याप्रमाणे केवळ नियमांच्या पोटात असतो.

एवढ्या वैपुल्यानंतरही आरंभीच्या अनेक खेळाडूंची तक्रार अशी होती की, काही ग्रह पाहिल्यावर पुढचे सारे तेच वाटू लागतात. त्याच वर्षी केट कॉम्पटन ह्या अमेरिकन संगणकतज्ज्ञ स्त्रीने ह्या अडचणीला एक मार्मिक दृष्टान्त दिला. ओटच्या लापशीचे दहा हजार वाडगे भरले, तर प्रत्येक वाडग्यातील दाण्यांची मांडणी गणिताच्या दृष्टीने अनन्य असेल. खाणाऱ्याला मात्र पुष्कळशी लापशीच दिसेल.

दृष्टान्त अचूक आहे; परंतु असे का होते, ह्याचे उत्तर त्यात नाही. ते वर्णविचारात सापडते. 'अंक' आणि 'अंत' ह्या शब्दांतील अनुनासिके उच्चारात निश्चितपणे भिन्न आहेत; पहिले कंठ्य, दुसरे दंत्य. तरीही मराठी बोलणाऱ्याचे ह्या भेदाकडे लक्ष जात नाही, कारण तो पुढच्या व्यंजनाने आपोआप ठरतो आणि त्याच्यावर अर्थ अवलंबून नसतो. उलट 'जरा' हा शब्द दंत्य ज-काराने उच्चारला तर 'थोडे' आणि तालव्य ज-काराने उच्चारला तर 'वार्धक्य' असा अर्थ होतो. लेखनात हा भेद दिसतही नाही, पण कान तो चुकवीत नाही. एक भेद ध्वनीचा आहे. दुसरा स्वनिमाचा, म्हणजे अर्थभेदक आहे. २०१६ च्या त्या खेळातील गवताचा रंग, प्राण्यांच्या पायांची संख्या, डोंगरांची उंची हे बहुतांशी पहिल्या प्रकारचे भेद होते. गवत जांभळे असल्याने खेळाडूला वेगळे काही करावे लागत नसे. ग्रहांची संख्या अफाट होती, पण स्वनिम थोडे होते.

ह्या कसोटीवर जुने आणि दिसण्यात दरिद्री असे दोन खेळ अधिक समृद्ध ठरतात. १९८० च्या सुमारास कॅलिफोर्नियातील विद्यार्थ्यांनी रचलेल्या 'रोग' ह्या खेळात चित्रे नाहीत. पडद्यावर केवळ अक्षरे व चिन्हे दिसतात. भुयार प्रत्येक डावात नवे घडते. त्याहून महत्त्वाचे असे की, तेथे सापडणाऱ्या औषधी द्रव्यांचे रंग प्रत्येक डावात बदलतात. ह्या वेळी निळे द्रव्य जखम भरून काढील, पुढच्या वेळी तेच आंधळे करील. मंत्रपत्रांची नावे तर निरर्थक अक्षरांची असतात. चिन्ह आणि अर्थ ह्यांचा संबंध यादृच्छिक असतो हा सोस्यूरचा सिद्धान्त येथे जणू खेळाचा नियमच झाला आहे. प्रत्येक डावात खेळाडूला एक छोटी अपरिचित भाषा शिकावी लागते, आणि चूक झाली तर बहुधा मरावे लागते. मेल्यावर डाव पहिल्यापासून. अशा स्थितीत कोपऱ्यापलीकडची खोली कशी आहे हे जाणण्याची उत्सुकता कृत्रिम राहत नाही.

दुसरा खेळ म्हणजे डेव्हिड ब्रेबेन आणि इयन बेल ह्या केंब्रिजच्या विद्यार्थ्यांचा १९८४ मधील 'एलीट'. ३२ किलोबाइट स्मृतीच्या बीबीसी मायक्रो यंत्रात त्यांनी आठ आकाशगंगा व प्रत्येकीत २५६ ग्रह बसविले. ग्रहांची नावेही रोमन लिपीतील दोन-दोन अक्षरांचे ठरावीक जोड जुळवून निघत. 'ला' आणि 'वे' मिळून 'लावे' हा आरंभीचा ग्रह. (अशा जुळणीत एकदा एका ग्रहाला असभ्य इंग्रजी शब्दच नाव म्हणून लाभला आणि ती सबंध आकाशगंगा टाकून द्यावी लागली, असे सांगतात. नियमाला अर्थ कळत नाही, ह्याचे इतके सुबोध उदाहरण विरळा.) मात्र प्रत्येक ग्रहाला आठांपैकी एक राज्यपद्धती आणि आठांपैकी एक अर्थव्यवस्था होती. शेतीप्रधान ग्रहावर धान्य स्वस्त मिळे व संगणक महाग विकले जात. अराजक असलेल्या ग्रहाजवळ चाच्यांची धाड पडे. भेद थोडे, पण प्रत्येक भेद व्यवहारात उतरलेला.

तथापि, अर्थभेदकतेने सर्व उलगडा होतो असे मानणे घाईचे होईल. सह्याद्रीच्या एखाद्या अनोळखी घाटात हिंडणाऱ्यालाही भेदांचा व्यावहारिक उपयोग नसतो. तरी ते हिंडणे निष्फळ वाटत नाही. ह्याचे कारण असे की, तेथे 'का' हा प्रश्न विचारता येतो. हा कडा येथेच का तुटला, झरा येथूनच का निघाला, ह्यांना उत्तरे असतात, ती ठाऊक नसली तरी. केवळ गणिती चढउतारांनी उभारलेल्या डोंगराला असा इतिहास नसतो. तेथे 'का' विचारल्यास एकच उत्तर मिळते: बीजसंख्या तशी होती.

टार्न आणि झॅक अ‍ॅडम्स ह्या बंधूंचा २००६ पासून वाढत आलेला 'ड्वार्फ फोर्ट्रेस' ह्या दृष्टीने वेगळा पडतो. त्यात पर्जन्यमान ठरते, पर्वतांच्या आडोशाला कोरडे प्रदेश तयार होतात, नद्या डोंगर झिजवितात. मग राज्ये, युद्धे, वंश ह्यांची शेकडो वर्षे चालविली जातात आणि नंतरच खेळाडू प्रवेश करतो. ओस पडलेले गाव दिसले तर ते कोणी व केव्हा उद्ध्वस्त केले हे शोधून काढता येते. येथला भूप्रदेशही नियमजन्यच आहे. पण नियम कार्यकारणाचे असल्याने शोध घेणाऱ्याच्या हाती काही लागते.

'नो मॅन्स स्काय'चा पुढील प्रवास ह्या संदर्भात लक्षणीय आहे. प्रसिद्धीनंतर लगेच दोन खेळाडू ठरवून एकाच स्थळी पोहोचले, परंतु त्यांना परस्परांचे दर्शन होऊ शकले नाही. प्रथम पुरुष होता, द्वितीय पुरुष नव्हता. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये निवासस्थाने बांधण्याची सोय झाली, आणि जुलै २०१८ मध्ये खेळाडू एकमेकांना प्रत्यक्ष भेटू लागले. तोपर्यंत काही खेळाडूंनी त्या अपार अवकाशातील एक लहानसा प्रदेश निवडून त्याला 'गॅलॅक्टिक हब' असे नाव देऊन वस्तीही केली होती. नियमांनी दिलेली ग्रहनावे बाजूला सारून त्यांनी आपल्या ठरलेल्या पद्धतीने ग्रहांची नवी नावे ठेवली, नोंदवह्या तयार केल्या, आणि कोट्यवधी न पाहिलेले ग्रह सोडून ते त्याच त्या ग्रहांकडे परत येऊ लागले.