विश्वास वारशाने मिळतो काय?

घर, शेत, आडनाव या गोष्टी मुलांना वारशाने मिळतात. शाळेच्या दाखल्यावर धर्माचे नावही आईबापांच्या धर्मावरून लिहिले जाते. पण विश्वास असा मिळतो काय? मराठी ख्रिस्ती घरातील एक पालक या नात्याने हा प्रश्न मला वारंवार पडतो. या अंकाचे बहुसंख्य वाचक अन्यधर्मीय असले, तरी मुलांवरील संस्कारांची काळजी सर्वच घरांत सारखी असते. म्हणून तो येथे मांडीत आहे.

बहुतेक ख्रिस्ती मंडळ्यांत तान्ह्या मुलाचा बाप्तिस्मा होतो. काही मंडळ्या मात्र मूल जाणते होऊन स्वतः कबुली देईपर्यंत थांबतात. तान्हेपणी बाप्तिस्मा देणाऱ्या अनेक मंडळ्यांतही पुढे दृढीकरणाचा विधी असतो. आईबापांनी मुलाच्या वतीने दिलेली वचने तेव्हा ते स्वतःच्या तोंडाने उच्चारते. याचा अर्थ असा की, आईबापांचा विश्वास ही मुलाजवळ दिलेली ठेव आहे. ती आपली म्हणायची की नाही, हे शेवटी त्यालाच ठरवायचे असते.

याचे उत्तम उदाहरण आपल्याच साहित्यात आहे. रेव्हरंड नारायण वामन टिळकांचा बाप्तिस्मा १८९५ साली झाला. लक्ष्मीबाईंनी तो घेतला १९०० साली. मधल्या काळातील ताटातूट व मनाची ओढाताण ‘स्मृतिचित्रे’त त्यांनी मोकळेपणाने सांगितली आहे. नवऱ्याचा विश्वास बायकोला आयता मिळाला नाही, तिला तो स्वतःच्या पावलांनी गाठावा लागला. मग मुलांना तो आयता कसा मिळावा?

तर मग आईबापांनी करायचे काय? माझ्या मते तीन गोष्टी त्यांच्या हातात आहेत.

पहिली, आचरण. नव्या करारात पौल तीमथ्याला त्याच्या विश्वासाची आठवण देतो, तेव्हा त्याची आजी लोईस आणि आई युनीके यांची नावे घेतो. विश्वास प्रथम घरात दिसावा लागतो. इंग्लंडमध्ये ग्लॉस्टर येथे रॉबर्ट रेक्स यांनी १७८० साली आठवडाभर राबणाऱ्या गरीब मुलांसाठी रविवारची शाळा काढली. पुढे ही प्रथा जगभर पसरली, आपल्याकडेही आली. परंतु तासाभराची ही शाळा उरलेल्या सहा दिवसांची भरपाई करू शकत नाही. जेवणापूर्वी आभार मानणारा बाप मोलकरणीवर खेकसत असेल, तर मूल प्रार्थना विसरते आणि खेकसणे लक्षात ठेवते.

दुसरी, भाषा. फादर स्टीफन्स यांचे ‘क्रिस्तपुराण’ १६१६ साली गोव्यात राचोल येथे छापले गेले. दहा हजारांहून अधिक ओव्यांचा हा ग्रंथ मराठीत रचला, कारण नवख्रिस्ती लोकांना पुराण ऐकण्याची सवय होती. टिळकांनीही ख्रिस्ती भक्तीला अभंगाचे रूप दिले. जी प्रार्थना मुलाला घरच्या बोलीत करता येते, तीच त्याच्या तोंडी टिकते.

तिसरी आणि सर्वांत अवघड गोष्ट म्हणजे प्रश्नांना जागा. बारा वर्षांचा येशू मंदिरात गुरुजनांमध्ये बसून त्यांचे ऐकत होता व त्यांना प्रश्न विचारीत होता, असे लूक सांगतो. माझी आई वारली तेव्हा माझ्या मुलीने विचारले, “आपण रोज प्रार्थना केली, तरी आजी का गेली?” मी म्हणालो, “बाळ, ते मला ठाऊक नाही. पण लाजराच्या कबरेकडे जाताना येशूही रडला होता.” त्यावर ती गप्प राहिली. तिचे समाधान झाले असे मी म्हणणार नाही. मात्र देवापुढे रडण्यास हरकत नाही, एवढे तिला कळले असावे. खोटी समजूत आज काढता येते. पण मोठेपणी ती खोटी ठरली की तिच्याबरोबर खरेही वाहून जाते.

इतके करूनही मूल वेगळ्या वाटेने जाईल, ही भीती प्रत्येक आईबापाला असते. मलाही आहे. परंतु उधळ्या पुत्राच्या दाखल्यातील बापाने मुलाला बांधून ठेवले नाही. तो दूर असतानाच बापाला दिसला, म्हणजे बापाची नजर वाटेकडेच लागलेली असावी. धाकाने धरून ठेवलेले मूल घरात राहील. त्याचा विश्वास राहीलच असे नाही. जमीन नांगरावी, बी पेरावे, पाणी घालावे. अंकुर मात्र ओढून वर काढता येत नाही. विश्वासाचे संगोपन करणाऱ्या आईबापांनी एवढे ओळखले तरी पुष्कळ झाले.