प्रकाशाच्या अंमलाखाली इंधनाचा थेंब

डिझेल इंजिनात इंधन तुषारांच्या रूपाने शिरते; त्यांतील एकेक थेंब बहुधा केसाच्या जाडीहूनही बारीक असतो, आणि तरीही इंधनाची काटकसर व धुराचे प्रमाण या दोन्ही बाबी पुष्कळ अंशी त्याच्याच आकारावर अवलंबून असतात. थेंबाचे आयुष्य त्याच्या व्यासाच्या वर्गाच्या प्रमाणात असल्यामुळे, एका थेंबाचे अर्ध्या व्यासाचे आठ थेंब केले की एकूण पृष्ठफळ दुप्पट होते आणि त्यांतला प्रत्येक थेंब चतुर्थांश काळात वाफ होऊन जातो.

अशा थेंबावर लेसरचा झोत पडला, तर प्रथम त्याला रेटा बसतो. अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत आर्थर अ‍ॅश्किन यांनी 1970 साली प्रकाशाच्या दाबाने सूक्ष्म गोलक हलवून दाखविले आणि 1975 साली तेलाचे थेंब उभ्या झोतावर अधांतरी तोलून धरले. 2018 साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले तेव्हा त्यांचे वय 96 वर्षांचे होते. रॉकेलचा 20 मायक्रोमीटर व्यासाचा थेंब इतका हलका असतो की, एक वॅटचा झोत त्याने पूर्णपणे शोषला तर मिळणारा रेटा त्याच्या वजनाच्या सुमारे शंभरपट भरेल.

रेट्यापेक्षाही उष्णतेचा प्रकार अधिक विलक्षण आहे. इंधनातील कार्बन-हायड्रोजन बंध 3.39 मायक्रोमीटर तरंगलांबीचा अवरक्त प्रकाश अधाशीपणे शोषतात. तेव्हा झोताकडील पृष्ठभाग तापतो, तेथून वाफ उसळते आणि तिच्या प्रतिक्रियेने थेंब मागे ढकलला जातो. परंतु शोषण मंद असेल, तर गोल थेंब स्वतःच भिंग बनतो, किरणांना आत वळवून मागील बाजूजवळ एकवटतो, आणि सर्वांत तप्त जागा पृष्ठभागावर न राहता पोटात निर्माण होते. तेथे बुडबुड्याला धरावयास आधार नसल्याने द्रव उत्कलनबिंदू ओलांडूनही द्रवच राहतो. पुढे सहनशीलतेची मर्यादा संपली की वाफ एकाएकी प्रकट होते आणि थेंबाच्या ठिकऱ्या उडतात. डिझेलमध्ये पाण्याचे सूक्ष्म कण मिसळले असता तापलेल्या थेंबात घडणारा सूक्ष्मस्फोट याच जातीचा आहे.

मोटारीत इंधन फोडण्याचे काम आजही इंजेक्टरच 2000 बारच्या आसपासच्या दाबाने करतो, आणि लेसर त्याची जागा घेईल अशी आशा बाळगण्याचे कारण नाही. त्याचे खरे मोल प्रयोगशाळेत आहे. कारण हजारोंच्या गर्दीतून एकच थेंब वेगळा काढून, त्याच्यावर ठरावीक क्षणी ठरावीक उष्णतेचा प्रयोग करावयाचा, तर प्रकाशाइतके हलके व नेमके हत्यार दुसरे नाही.